जिना न चढता सांगितलेला भाव

‘बदलापूर वेस्ट, वन बीएचके, दुसरा मजला, ५८० फूट. किती येतील?’

एवढा मेसेज कल्याणच्या पुढच्या एखाद्या इस्टेट एजंटला पाठवून बघा. रिप्लायला फार वेळ लागत नाही. ‘तिकडे अमुक रेट चालू आहे, अमुक लाख धरून चला.’ संपलं. इमारतीचं नाव विचारलं जात नाही. बांधकाम कुठल्या सालचं, ५८० फूट कार्पेट की बिल्ट-अप, छतातून पाणी गळतं का, पावसाळ्यात गेटवर किती पाणी येतं, यातलं काहीच नाही. आणि त्या आकड्यावर मग माणसं आयुष्यं मांडायला बसतात. विकणारा त्यातून मुलीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन आणि गावाकडचं कर्ज वजा करून बघतो. घेणारा पीएफ काढायचा का, बायकोचे दागिने मोडायचे का, हे ठरवतो.

माझं म्हणणं एका ओळीत मावतं. एजंटनं घर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचा भाव सांगू नये. अंदाजेसुद्धा नाही, ‘असंच आपलं’सुद्धा नाही. सगळीकडेच हे खरं असेल, पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत तर ते जिवाशी येणारं खरं आहे. का, ते सांगतो.

पत्त्यावरून घर कळत नाही

उल्हासनगर हे गाव म्हणून वसलेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी इथे छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बरॅकींमध्ये ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. लष्कर गेलं, पण कॅम्प हा शब्द राहिला. कॅम्प एक ते पाच. पत्त्यात आजही बरॅकचा नंबर असतो. त्या बरॅकी पाडून, वाढवून, एकावर एक मजले चढवून आजचं शहर झालं.

आता ‘उल्हासनगरचा रेट’ म्हणजे नेमका कुठला? कॅम्प एकचा माणूस शहाड स्टेशनवर गाडी पकडतो, म्हणजे कसारा लाइनवर. कॅम्प चारचा माणूस विठ्ठलवाडीला जातो, म्हणजे कर्जत लाइनवर. कॅम्प पाच तर अंबरनाथला खेटून आहे. एकाच शहराच्या नावाखाली तीन वेगळ्या स्टेशनांची आयुष्यं आहेत. ज्याला रोज सीएसएमटी गाठायचं आहे, त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नाही. जमिनीच्या कागदांचंही तसंच. कुणाकडे निर्वासितांच्या पुनर्वसनातून आलेली सनद आहे, कुणाकडे नाही, कुणाच्या सनदेत जेवढी जागा आहे त्याहून बांधकामच मोठं आहे. शेजारी शेजारी असलेल्या दोन इमारती दिसायला जुळ्या, पण कागदांवर एकमेकींच्या कुणीच नाहीत.

बदलापूरची तऱ्हा वेगळी. सगळ्या गावाला पिनकोड एकच, ४२१५०३. त्याच पिनकोडात रेल्वेच्या पूर्वेला कात्रपचा चढाकडे गेलेला भाग आहे आणि पश्चिमेला उल्हास नदीच्या काठची हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीची वस्ती आहे. २६ जुलै २००५ ला या काठावर काय झालं ते जुने बदलापूरकर अजून विसरलेले नाहीत. २०१९च्या जुलैअखेर परत तेच. त्याच पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. गाडीची बातमी देशभर गेली. काठावरच्या इमारतींच्या तळमजल्यांवर पाणी कुठवर चढलं होतं, त्याची बातमी कुणी केली नाही. ती खूण भिंतीवर असते. रंग दिला तरी बऱ्याचदा जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत ती सापडते. पण सापडते कुणाला? जो तिथे वाकून बघतो त्याला.

नदीला कागदावर दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. बदलापुरात घर घेताना आपण यातल्या कुठल्या रेषेच्या आत आहोत, हा पहिला प्रश्न हवा. ॲपवर तो प्रश्न नसतो. ॲपवर ‘रिव्हर व्ह्यू’ असतो.

फोटोत न येणाऱ्या गोष्टी

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं. ते वालधुनी नदीच्या काठी आहे. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि जाताना औद्योगिक पट्ट्यातलं काय काय पोटात घेऊन जाते, ते काठावर राहणाऱ्यांना नाकानं कळतं. २०१४च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात या पाण्यात रसायन सोडल्यामुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. हे टोकाचं उदाहरण झालं. रोजचं उदाहरण असं: दुपारी चार वाजता काढलेल्या फोटोत खिडकीबाहेर झाडं दिसतात. रात्री अकरा वाजता त्याच खिडकीतून जो वास येतो, तो कुठल्याही कॅमेऱ्यात येत नाही.

पाण्याचंही तेच. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं पाणी येतं, उल्हासनगरला एमआयडीसीचं. कागदावर सगळ्यांनाच पाणी आहे. प्रत्यक्षात कुठे किती वेळ, किती दाबानं, टँकर महिन्याला किती लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारावं लागतं. वॉचमन कुठल्याच ॲपवर नाही.

आणि ते ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. या पाच मिनिटांवर स्वतंत्र लेख होईल. ती पाच मिनिटं रिक्षाची असतात, तीही रिक्षा लगेच मिळाली तर. शेअर रिक्षाची रांग, फाटकाजवळचा किंवा पुलावरचा ट्रॅफिक, पावसात साचणारा सबवे, यांतलं काही त्यात धरलेलं नसतं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन तर उभं राहायच्या आधीपासून जाहिरातींमध्ये गाड्या थांबवायला लागलं. संध्याकाळी ७:४० ला गर्दीत उतरून, ती सोसायटी चालत किंवा रिक्षानं गाठून बघितलेली नसेल, तर त्या एजंटला अंतर माहीत नाही. त्याला फक्त जाहिरात माहीत आहे.

तुमच्या डोक्यावर कोण राहतं?

आतापर्यंतच्या गोष्टी गैरसोयीच्या होत्या. आता जिवाची गोष्ट.

१५ मे २०२१ रोजी उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मोहिनी पॅलेस या इमारतीचा स्लॅब कोसळला. माणसं गेली. तेरा दिवसांनी, २८ मे रोजी, नेहरू चौकाजवळच्या एका पाच मजली इमारतीचा वरचा स्लॅब खाली आला. आणि तो एका मजल्यावर थांबला नाही. खालचे स्लॅब फोडत थेट तळापर्यंत गेला. सात माणसं मेली. पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२२ रोजी, कॅम्प पाचमधल्या मानस टॉवरमध्ये तसंच झालं. चार जण गेले.

या घटनांमधून घराच्या किमतीबद्दल एक फार साधी गोष्ट शिकायला हवी होती. तुमच्या फ्लॅटची किंमत फक्त तुमच्या फ्लॅटमध्ये नसते. ती तुमच्या डोक्यावरच्या सगळ्या स्लॅबांत असते. पहिल्या मजल्यावरच्या माणसानं कितीही छान टाइल्स बसवल्या, किचनची ट्रॉली केली, हॉलला पीओपी करून निळे लाइट लावले, तरी पाचव्या मजल्यावरच्यानं बाथरूमची जागा बदलून स्लॅबमध्ये पाणी मुरवलं असेल, तर या सगळ्याला अर्थ नाही. तो पीओपीच कधीकधी सगळ्यात मोठा घोटाळा असतो. छताच्या आत लोखंड गंजून फुगतं, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, आणि खाली चकचकीत खोट्या छतावर सेल्फी काढल्या जातात.

म्हणून घर बघायला जाणं म्हणजे फ्लॅट बघायला जाणं नाही, तर इमारत बघायला जाणं. गच्चीवर चढायचं. टाकीच्या बुडाशी ओल आहे का ते बघायचं. डक्टमध्ये डोकावायचं, तिथे पिंपळ उगवलाय का ते बघायचं. तळमजल्यावरच्या दुकानदारानं शटरसाठी कॉलम तासलाय का ते बघायचं. वरच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून ‘तुमच्याकडे गळतं का हो?’ एवढं विचारायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. ही इमारत सुरक्षित आहे असं सर्टिफिकेट एजंटनं द्यावं, असं कुणीच म्हणत नाही. ‘मला हे हे दिसलं, आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा,’ एवढं त्यानं म्हणावं. पण बघितलंच नाही तर दिसणार काय?

डोळ्यांनी काय होतं त्याचंही उदाहरण उल्हासनगरातच आहे. ऑगस्ट २०१९मध्ये तिथली एक पाच मजली इमारत कोसळली. पण आदल्या दिवशी तिची अवस्था लक्षात आली होती, लोकांना बाहेर काढलं होतं, आणि माणसं वाचली. कुणीतरी वेळेवर भिंतीकडे नीट बघितलं, एवढाच काय तो फरक.

महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटीस लागते ती इमारतीच्या दारावर. व्हॉट्सॲपवर भाव सांगणाऱ्याला ते दार दिसत नाही. त्यात उल्हासनगरात एवढी अनधिकृत बांधकामं झाली, की हायकोर्टात प्रकरण गेल्यावर ती नियमित करण्यासाठी २००६ साली फक्त या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. अशा गावात ‘एरिया रेट’ सांगणं म्हणजे पेशंटला न तपासता त्याच्या गल्लीचं सरासरी ब्लडप्रेशर सांगणं.

दुरुस्ती करणाऱ्याला शिक्षा

आता माझा खरा मुद्दा. वरचं सगळं पटलं नाही तरी चालेल, एवढा एक पटला तरी पुरे.

समजा, एकाच रस्त्यावर नव्वदच्या दशकातल्या दोन सोसायट्या आहेत. पहिलीनं प्रत्येक घरातून पैसे काढून ऑडिट केलं, कॉलमला जॅकेटिंग केलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, जुने पाइप बदलले. त्यासाठी दोन वर्षं भांडणं झाली, कुणाकुणाची बोलणी बंद झाली. दुसरीनं फक्त बाहेरून रंग मारला आणि गेटवर नावाची नवी पाटी लावली.

फोनवरचा एजंट दोघांना काय भाव सांगतो? सारखाच. ‘त्या पट्ट्यात जुनं बांधकाम ना? मग एवढंच येतं.’ फोटोत तर दुसरी सोसायटी जास्तच देखणी दिसते.

मग पुढच्या मीटिंगमध्ये दुरुस्तीचा विषय निघाला की काय होतं, हे ज्यानं सोसायटीची एक तरी मीटिंग बघितली आहे त्याला सांगायला नको. ‘आपण लाख लाख रुपये घालून विकताना एक रुपया वाढवून मिळणार आहे का? त्या समोरच्यांनी केलं, त्यांना काय मिळालं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. दुरुस्ती पुढच्या वर्षावर जाते. मग त्याच्या पुढच्या वर्षावर. ज्याला शक्य आहे तो विकून जातो, ज्याला नाही तो राहतो आणि छताकडे बघत झोपतो.

अर्थशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली सेकंडहँड गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक लेख लिहिला. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि भंगार गाडी यांतला फरक कळत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडी कोण विकणार? चांगल्या गाड्या बाजारातून उठतात आणि मागे भंगार राहतं. अ‍ॅकरलॉफना २००१ साली नोबेल मिळालं. घरांच्या बाजारात चांगलं आणि वाईट यांतला फरक घेणाऱ्याला सांगायचा, हेच तर एजंटचं काम. तो त्याचेच पैसे घेतो. तोच माणूस न बघता मधला भाव सांगत असेल, तर तो नुसता आळशीपणा करत नाही. चांगली राखलेली इमारत आणि मरायला टेकलेली इमारत यांना तो एकाच तागडीत बसवतो. स्लॅब पडतात त्याला बिल्डर जबाबदार आहेत, रेती जबाबदार आहे, परवानगी देणारे आणि डोळे मिटणारे जबाबदार आहेत, हे खरंच. पण दुरुस्तीला बाजारात शून्य किंमत मिळते, त्याला न बघता भाव सांगणारेही जबाबदार आहेत. भाव हाही एक निरोप असतो. आणि आज तो निरोप असा आहे: रंग मारा, बाकी राहू दे.

बँक जाऊन बघते, तुम्ही नाही

गंमत बघा. तुम्ही होमलोन मागता तेव्हा बँक एजंटच्या व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवते का? नाही. ती तिचा व्हॅल्युअर पाठवते. तो येतो, टेप लावतो, फोटो काढतो, इमारतीचं वय लिहितो, मंजूर नकाशा आणि ओसी मागतो. बँकेला तिचे पैसे प्यारे आहेत. मग आपल्याला आपले का नसावेत?

हिशेब करून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत. एजंट फोनवर म्हणाला ३२ लाख. तुम्हाला परवडेल असं वाटलं, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणजे २८.८ लाख बँकेचे, ३.२ लाख तुमचे. तुम्ही एक लाख टोकन दिलं. मग बँकेचा व्हॅल्युअर आला. त्यानं गळती बघितली, बंद केलेली बाल्कनी बघितली, मोजमाप केलं आणि २७ लाख लिहिले. आता बँक २७ लाखांच्या ९० टक्के देणार, म्हणजे २४.३ लाख. विकणारा ३२वर अडून आहे, कारण तो आकडा त्यालाही त्याच एजंटनं सांगितलाय. तुमच्या खिशातून आता ३.२ नाही, ७.७ लाख जायला हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. मग उरतात दोनच रस्ते. टोकन सोडायचं, नाहीतर वरचे साडेचार लाख महागड्या पर्सनल लोनमधून उभे करायचे.

यात एजंटचं काय गेलं? काही नाही. तो म्हणतो, ‘मी तर अंदाज दिला होता.’

आणि हे उलटंही होतं. स्वच्छ कागदांचं, नीट राखलेलं घर विकायला निघालेल्या, एकट्या राहणाऱ्या आजींना फोनवर कमी आकडा सांगितला जातो. त्यांना दुसरं कुणी विचारायला नसतं. त्या तोच आकडा धरून बसतात. त्यांचं नुकसान तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘पण दादा, आमचंही ऐका’

एजंटांच्या बाजूनंही बोलणं आहे आणि ते ऐकायला हवं.

पहिलं: ‘दिवसाला वीस मेसेज येतात. त्यातल्या अठरांना नुसतं फुकटात जाणून घ्यायचं असतं. प्रत्येकाच्या दारी जात बसलो तर पेट्रोलचे पैसे कोण देणार?’ रास्त आहे. मग व्हिजिटचे पैसे घ्या, उघडपणे. व्यवहार झाला तर ते दलालीतून वजा करा. ३० लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे ६० हजार रुपये होतात. त्यात एक दुपार बसते. आणि ज्या अठरांना फुकट आकडा हवाय, त्यांना सरळ सांगा की बघितल्याशिवाय सांगत नाही. डॉक्टर फोनवर ‘येऊन दाखवून जा’ म्हणतो तेव्हा त्याची किंमत कमी होत नाही, वाढते.

दुसरं: ‘आम्ही इथेच लहानाचे मोठे झालो. प्रत्येक बिल्डिंग पाठ आहे.’ पाठ असेल, पण कुठल्या सालची? काँक्रीट म्हातारं होतं. दहा वर्षांपूर्वीची ठणठणीत इमारत आज सी-२मध्ये असू शकते. जिच्याबद्दल वाईट ऐकलं होतं, तिनं मधल्या काळात दुरुस्ती करून घेतलेली असू शकते. आठवणीतल्या इमारतीचा भाव आठवणीतल्या ग्राहकाला सांगावा.

तिसरं: ‘आता कॉम्प्युटर सगळं सांगतो.’ सांगतो, पण सरासरी सांगतो. सरकारचा रेडी रेकनरही तेच करतो. विभागाप्रमाणे दर, बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा. मुद्रांक शुल्क लावायला ते ठीक आहे, कारण सरकारला तुमच्या घरात झोपायचं नाही. अमेरिकेत झिलो नावाच्या बड्या कंपनीनं घरांच्या किमतींचा अंदाज बांधणाऱ्या गणितावर भरवसा ठेवून स्वतःच घरं विकत घ्यायला सुरुवात केली होती. नोव्हेंबर २०२१मध्ये तिनं तो धंदा बंद केला. घरांच्या साठ्यावर एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून जास्त फटका बसला होता आणि सुमारे पाव कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं. किमतींचा अंदाज वाटला होता त्याहून फार बेभरवशाचा निघाला, असं कंपनीनंच म्हटलं. त्यांच्याकडे डेटाचे डोंगर होते. आपल्याकडे तर एकाच फ्लॅटचा एरिया तीन ठिकाणी तीन लिहिलेला असतो.

चौथं म्हणणं सगळ्यात चतुर आहे: ‘आम्ही जातोच की! गिऱ्हाईक आलं की घर दाखवायला जातो.’ हो, पण आकडा सांगून झाल्यावर. आणि तिथेच गडबड आहे. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. एकच घर काही विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या एजंटांना प्रत्यक्ष दाखवलं. फक्त त्या घराची मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला होता, त्यांनी घराची किंमत जास्त लावली. ज्यांना लहान सांगितला होता, त्यांनी कमी. एजंटसुद्धा यातून सुटले नाहीत. वर, सांगितलेल्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला हे मान्य करायला ते सहसा तयार नव्हते. म्हणजे आकडा एकदा कानात शिरला की डोळेही त्याच आकड्याला साक्ष देतात. म्हणून आधी जिना, मग आकडा. हा क्रम उलटा चालत नाही.

कायदा कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, महारेरा आहे ना. आहे. मे २०१७पासून रेराखाली एजंटांना नोंदणी लागते. महारेरानं तर पुढे जाऊन एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. चांगलं पाऊल आहे. पण रेराचा जीव नोंदणीकृत प्रकल्पांत आहे, म्हणजे मुख्यतः नव्या बांधकामांत. कॅम्प तीनमधल्या तीस वर्षं जुन्या इमारतीतला रीसेलचा फ्लॅट त्या चौकटीच्या बाहेर पडतो. म्हणजे जिथे बघून भाव सांगण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमका तिथेच कायद्याचा हात पोचत नाही.

कायदा पोचेल तेव्हा पोचेल. तोवर दोन गोष्टी होऊ शकतात. या तीन गावांतल्या एजंटांनी आपापसांत ठरवावं की न बघता आकडा देणार नाही, आणि दिलेल्या प्रत्येक आकड्याबरोबर एक पानाची टिपण देऊ. कुठल्या तारखेला गेलो, गच्चीवर गेलो का, तळमजल्यावर काय दिसलं, पाण्याचं काय, कागद कुठले बघितले, कुठले बघायला मिळाले नाहीत. एवढंच. जो पहिला हे सुरू करेल, त्याच्याकडे लोक रांग लावतील. या धंद्यात सगळ्यात दुर्मीळ माल विश्वास हाच आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे, म्हणजे शब्दशः, कारण मोबाइल तुमच्या हातात आहे. घरातले मोठे ‘जरा रेट विचारून बघ’ म्हणून हे काम हल्ली तुमच्याकडेच देतात. पुढच्या वेळी आकडा आला की थँक्स म्हणून तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. आधी उलटे तीन प्रश्न पाठवा. तुम्ही त्या इमारतीत शेवटचं कधी गेला होता? पावसाळ्यात गेला होता का? गच्चीवर चढला होता का?

उत्तर आलं नाही तर तो आकडा डिलीट करा. उत्तर ‘उद्या जाऊन बघतो, मग सांगतो’ असं आलं, तर त्या एजंटचा नंबर सेव्ह करून ठेवा.